पोरगा येत नाही, आई येते

व्यसनमुक्तीच्या कामात समोरच्या खुर्चीत पहिल्यांदा व्यसनी माणूस येऊन बसेल, अशी तुमची कल्पना असेल तर ती आधी बाजूला ठेवा. बुलडाणा जिल्ह्यात तरी पहिली येते ती आई. कधी बायको, कधी लग्न होऊन गेलेली थोरली बहीण. आठवडी बाजाराचं निमित्त काढून, घरी न सांगता, पिशवीत भाजी घेऊन ती येते आणि दारातच विचारते, "पोरगं यायले तयार नाही. तुम्हीच सांगा, काय करू?"

हा लेख तिला उत्तर देऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही समाजकार्याचं शिक्षण घेत असाल, मानसशास्त्रात पदवी घेऊन नोकरी शोधत असाल, शाळेत शिकवत असाल, आशा कार्यकर्ती म्हणून घरोघरी फिरत असाल किंवा स्वतः व्यसनातून बाहेर पडून आता दुसऱ्याला हात द्यायचा विचार करत असाल. या कामात शिरण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून दारू थांबते. ती सुटते घरी आणि गावात. म्हणून केंद्राच्या आधीचे आणि नंतरचे दिवस हेच समुपदेशकाचं मुख्य शेत. बाकीचं सगळं त्याभोवती येतं.

जिल्हा आधी समजून घ्या

आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन तऱ्हेचा आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको. रेल्वे घाटाखाली, मलकापूर-नांदुरा-शेगावकडे. घाटावरून लोणार, मेहकर, सिंदखेड राजाच्या आडगावातून यायचं तर एसटी आणि काळी-पिवळी यांच्याच भरवशावर. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांची हद्द मध्य प्रदेशाला लागते, सातपुड्यातल्या वस्त्यांवर मोहाची दारू ही रीतीभातीतली गोष्ट आहे. एकाच जिल्ह्यात तुमच्याकडे येणारा माणूस, त्याची नशा आणि त्याचं परतीचं वाहन ही तिन्ही वेगवेगळी असणार. 'दर आठवड्याला या' असं सांगताना तिकिटाचे पैसे आणि बुडणारी मजुरी मोजा. महिन्यातून एकदा भेट आणि मध्ये आठवड्याला फोन, हे पाळलं जाईल. न पाळला जाणारा सल्ला देऊन काही मिळत नाही.

दुसरं, शेतीचं चक्र. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना शेतकरी आत्महत्यांमुळे विशेष पॅकेज दिलं, त्यांत बुलडाणा होता. कर्ज, नापिकी आणि बाटली यांचं नातं इथे पुस्तकात वाचावं लागत नाही. पण ते सरळही नाही. कर्ज झालं म्हणून माणूस पितो, आणि पितो म्हणून कर्ज वाढतं. घरच्यांशी बोलताना यातलं आधी काय झालं याचा निवाडा करत बसू नका. आज दोन्ही आहेत, एवढं धरून चला.

काय घेतो, किती घेतो, त्याच्या शब्दांत विचारा

'तू अंमली पदार्थांचं सेवन करतोस का?' या प्रश्नाला जगात कोणीही 'हो' म्हणत नाही. पुडी, तंबाखू-चुना, देशी, गावठी, क्वार्टर, माल, बटन, सोल्यूशन, खोकल्याचं औषध हे चालू शब्द वापरा. 'दिवसाला किती पुड्या लागतात?' असं विचारलं की उत्तर येतं. उठल्यापासून पहिली पुडी किंवा बिडी किती वेळाने लागते, हा प्रश्न तर चुकवूच नका. डोळे उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे असं समजा.

तंबाखूकडे दुर्लक्ष करू नका. प्रौढांमधल्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. धूम्रपान करणारे होते फक्त ३.८ टक्के, बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचं मुख्य व्यसन तोंडात, गालाच्या आत असतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तरी पुडी मिळते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. घरचे लोक मात्र पुडीला व्यसन मानतच नाहीत. 'दारू नाही पीत, नुसती पुडी खातो' हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. तोंड पूर्ण उघडता येतं का, तिखट लागलं की गालात झोंबतं का, एवढं विचारा. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील तर त्याला दंतवैद्याकडे पाठवा, तेही त्याच आठवड्यात.

दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. गुण शून्य ते चाळीस. आठ किंवा जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याच्या पातळीवर, वीस किंवा जास्त म्हणजे बहुधा अवलंबित्व आणि डॉक्टरची गरज. ही चाचणी मराठीत सरावाने तोंडपाठ करा. कागद पुढे धरून परीक्षा घेतल्यासारखी ती घेऊ नका, बोलता बोलता घ्या.

एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या, २०१९ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीतला एक आकडा लक्षात ठेवा. दारूचं अवलंबित्व असलेल्या अडतीस जणांमागे फक्त एकाला कुठली तरी मदत मिळाली होती. उरलेले सदतीस कोणाच्याच कागदावर नव्हते. तुमच्याकडे येणारी आई त्या सदतीस घरांपैकी एका घरातून आलेली असते.

आईशी पहिली भेट

'मुलाला घेऊन या, मग बघू' असं सांगून तिला परत पाठवणं ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक. तो येणार नाही म्हणूनच ती आली आहे. तिच्यासोबतच काम सुरू करा. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स या मानसशास्त्रज्ञाने घरच्यांना तयार करून व्यसनी माणसाला उपचारापर्यंत आणण्याची पद्धत विकसित केली आणि तिचा चांगला अभ्यास झाला आहे. तिचा गाभा साधा आहे: माणूस शुद्धीत असतो तेव्हा घराने त्याच्याशी गोडीने वागायचं, आणि नशेत असतो तेव्हा त्याच्या पिण्याचे परिणाम घराने अंगावर घ्यायचे नाहीत.

आपल्या घरांत नेमकं उलट होतं. नशेत असताना भांडण, सकाळी शुद्धीत असताना अबोला. तेव्हा पहिल्या भेटीत तिला मोठं काही सांगू नका. या आठवड्यात करता येतील अशा तीनच गोष्टी द्या. रात्री तो पिऊन आला तर वाद घालायचा नाही, जेवण झाकून ठेवून झोपायचं. सकाळी तो शुद्धीत असेल तेव्हा चहा देताना एकच वाक्य बोलायचं, तेही आरोप न करता: 'काल रात्री मले लय भीती वाटली.' आणि पुढच्या वेळी त्याची उधारी दुकानदाराला चुकती करायची नाही. ही तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड, कारण त्यात घराण्याच्या अब्रूचा प्रश्न येतो. तिच्यासाठी दोन-तीन भेटी लागतील.

पण आधी एक प्रश्न विचारा: 'तो मारतो का?' मारत असेल तर वरचा सल्ला बाजूला राहतो आणि तिची सुरक्षा पहिली येते. रात्री कोणाच्या घरी जाता येईल, लेकरांची कागदपत्रं कुठे आहेत, फोन चार्ज आहे का. ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक तिला पाठ करून द्या, कागदावर लिहून नका देऊ. तो कागद घरात त्याच्या हाती लागतो.

दुसरा प्रश्न गुपचूप औषधाचा. 'जेवणात कालवून द्या, महिन्यात दारू सुटेल' अशा जाहिराती भिंतींवर, एसटीच्या पाठीवर आणि आता मोबाइलवर असतात. अनेक आयांनी ते करून पाहिलेलं असतं आणि त्या सांगायला लाजतात. तुम्हीच सहज विचारा. डायसल्फिराम हे औषध खरं आहे, डॉक्टर ते देतातही, पण माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन आणि तपासण्या करून. त्याला न सांगता दिलं आणि त्याने वरून दारू घेतली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली जातो आणि जीवही जाऊ शकतो. औषध बंद केल्यावरही त्याचा अंमल दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. शिवाय पोराला हे कळलं तर आईच्या हातच्या जेवणावरचा त्याचा विश्वास उडतो, आणि पुढे तुमच्या प्रत्येक शब्दाकडे तो त्याच नजरेने बघतो.

आणि मग पोरगा येतो

आईचं वागणं बदललं की काही आठवड्यांत पोरगा स्वतःहून किंवा कुरकुरत येतो. समजा, सतरा-अठरा वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो, सिगारेट चालू आहे, कधीमधी गांजा. संभाषण साधारण असं जावं:

"तुला इथं कोणी पाठवलं?"

"आईनं."

"तिचं मी ऐकलंय. आज तुझं ऐकायचं. माल ओढल्यावर काय बरं वाटतं तुला?"

तो चमकतो. हे त्याला आजवर कोणी विचारलेलं नसतं. "टेन्शन जातं. पोरं भेटतात."

"आणि काय वाईट होतं?"

"तसं काही नाही. सोळाशे मीटरला दम लागतो आता. टाइम वाढला."

"भरती सोडायची की माल सोडायचा, असं विचारलं तर एक ते दहामध्ये सोडायची तयारी किती?"

"चार."

"चार? दोन का नाही म्हणालास?"

हा शेवटचा प्रश्न नीट बघा. 'आठ का नाही' असं विचारलं असतं तर त्याने न सोडण्याची कारणं दिली असती. 'दोन का नाही' विचारल्यावर तो सोडण्याची कारणं स्वतःच्या तोंडाने सांगू लागतो, आणि माणसाला दुसऱ्याने दिलेल्या कारणांपेक्षा स्वतः उच्चारलेली कारणं जास्त पटतात. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी या पद्धतीला शास्त्रीय रूप दिलं. मिलर यांचा पहिला लेख १९८३ चा. पण वऱ्हाडातल्या माणसाला ती अनोळखी वाटू नये. गाडगेबाबा कीर्तनात सांगत कमी आणि विचारत जास्त. श्रोत्यांनाच प्रश्न टाकायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घ्यायचं. बाबांचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले आणि लहानगा डेबू मामाच्या घरी वाढला. दारूने घराचं काय होतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती, तरी ते प्रश्नच विचारत राहिले. समुपदेशकाने त्यांच्याकडून एवढं घेतलं तरी पुरे.

पोराशी बोलण्याआधी गुप्ततेची हद्द आखून द्या. 'तू सांगशील ते मी आईला सांगणार नाही. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर सांगावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगून.' हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत बोला आणि मग पाळा. पुढच्या बाजारच्या दिवशी आई विचारणारच, 'काय बोललं पोरगं?' तिला सांगा, 'ताई, तो येतोय, बोलतोय. बाकी त्याचं त्याला सांगू द्या.' अठरा वर्षांखालच्या मुलाच्या औषधोपचारासाठी पालकांची संमती लागते हेही त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे पुढे फसवल्यासारखं वाटत नाही.

हे दिसलं तर समुपदेशन थांबवा, दवाखाना गाठा

समुपदेशकाच्या हातून जीव जाण्याची वेळ येते ती बहुधा अज्ञानामुळे. खालच्या गोष्टी पाठ हव्यात.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकदम तोडली तर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, वेळ-जागेचं भान जातं. गावात याला 'बाहेरचं लागलं' म्हणतात आणि अंगारा शोधतात. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. 'चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटेल' हा सल्ला कोणी दिला असेल तर तो त्याच क्षणी मोडून काढा. आधी फिट येऊन गेलेली असेल तर घरी सोडवायचा प्रयत्नच नको.

झोपेच्या किंवा 'बटन' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने घेतलेल्या असतील तर त्याही एकदम बंद करायच्या नाहीत. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

सोल्यूशन हुंगणारं पोर दिसलं तर ओरडत त्याच्या मागे धावू नका. त्या वेळी दचकल्याने किंवा पळाल्याने हृदयाचे ठोके बिघडून जागच्या जागी मृत्यू आल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. शांतपणे जवळ जा, मोकळ्या हवेत आणा, नंतर बोला.

अफूजन्य पदार्थ घेणारा महिनाभर बंद ठेवून बाहेर आला की शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीचीच मात्रा आता जीव घेते. हे त्याला आणि घरच्यांना, दोघांनाही समजेल अशा शब्दांत सांगा.

आणि मरणाचा विचार. 'जगून काय करायचं, असं मनात येतं का?' हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि घरात कीटकनाशकाचे डबे कुठे आहेत ते विचारा. फवारणीच्या दिवसांत ते ओसरीवर, खाटेखाली पडलेले असतात. ते कुलपात किंवा शेजाऱ्याकडे गेले पाहिजेत, त्याच दिवशी. 'टेलीमानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

कुठे पाठवायचं

जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांशी तुमची ओळख हवी, चिठ्ठी देऊन पाठवता येईल इतकी. घाटाखालच्या अनेक गावांना अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. दहा ते एकोणीस वयोगटासाठी शासकीय रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतात. व्यसनाचं नाव न काढता पोराला तिथे नेता येतं, ही त्यांची सोय. व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक १४४४६ आणि तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६. हे क्रमांक देताना तुमच्याच फोनवरून, तुमच्यासमोर पहिला फोन लावून द्या. नुसता क्रमांक दिला की तो पिशवीतच राहतो.

निवासी केंद्र निवडताना घरच्यांची फसगत होते. रात्री गाडी येते, चार जण पोराला उचलतात, तीन महिने भेट नाही, फोन नाही. हे उपचार नव्हेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अंमली पदार्थांमुळे होणाऱ्या आजारांचा समावेश आहे, आणि या कायद्याने माणसाला साखळीने बांधायला मनाई केली आहे. केंद्र नोंदणीकृत आहे का, डॉक्टर किती वेळा येतात, घरच्यांना कधी भेटता येतं, सुटीनंतर पाठपुरावा कोण करतं हे चार प्रश्न विचारा. चौथ्याचं उत्तर नसेल तर दुसरं केंद्र बघा.

चांगलं केंद्र कसं असतं ते बघायचं तर एकदा पुण्याला 'मुक्तांगण'मध्ये जाऊन या. अनिल अवचट यांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यावर लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये हे केंद्र उभं केलं. तिथले अनेक समुपदेशक स्वतः कधीकाळी तिथे दाखल झालेले आहेत. घरच्यांना उपचाराचा भाग मानण्याचा त्यांचा आग्रह सुरुवातीपासूनचा.

अंमली पदार्थांच्या बाबतीत घरच्यांना पोलिसांची भीती असते. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याचं कलम ६४-अ त्यांना समजावून सांगा: स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. विक्रीच्या गुन्ह्याला ते लागू नाही, हेही स्पष्ट करा.

माळ, शपथ आणि सैलानी

तुमच्याआधी घराने काय काय केलं आहे ते विचारा. कोणी देवाची शपथ घातली असेल, कोणी पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेलं असेल, कोणी शेगावला. 'हे सगळं अंधश्रद्धा' असं बोललात तर आई उठून जाईल आणि पुन्हा येणार नाही. श्रद्धा आणि औषध यांत भांडण लावू नका. दर्ग्यावर जा, औषधही सोबत न्या, वेळेवर घ्या, असं सांगा. फक्त कोणी बांधून ठेवत असेल, मारत असेल, उपाशी ठेवत असेल किंवा औषध बंद करायला सांगत असेल तिथे ठाम राहा.

माळेची ताकद कमी लेखू नका. गळ्यात तुळशीची माळ आली की माणसाला 'नाही' म्हणायला कारण लागत नाही. मित्रही आग्रह करत नाहीत, गावच राखण करतं. भजनी मंडळात संध्याकाळ जाते, आणि संध्याकाळचे सहा ते नऊ हेच तर धोक्याचे तास. माळ घेणारा माणूस तयार असेल तर मंडळातल्या एखाद्या जाणत्या माणसाशी, त्याच्या परवानगीने, बोलून ठेवा. मात्र माळ असताना पाय घसरला तर अपराधाची भावना दुप्पट होते आणि तो तोंड लपवतो. 'घसरलास तर आधी मला फोन कर, देवाला नंतर तोंड दाखव' हे त्याला आधीच सांगून ठेवायचं.

परत आल्यावरचं वर्ष

आता मुख्य काम. केंद्रातून पोरगा घरी येतो तेव्हा आई ओवाळते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. तुम्ही मात्र पंचांग काढून बसा. आपल्याकडे पाय घसरण्याचे दिवस आधीच ठरलेले असतात: पोळ्याची कर, धुळवड, लग्नातली वरात, एकतीस डिसेंबर, ग्रामपंचायतीची निवडणूक, सोयाबीन किंवा कापूस विकून हातात रोख येते तो दिवस, आणि भरतीच्या यादीत नाव नसतं तो दिवस. यातल्या प्रत्येक दिवसासाठी त्याच्यासोबत बसून लिहून काढा: कुठे असणार, कोणासोबत, पैसे कोणाच्या खात्यात, आग्रह झाला तर कोणतं वाक्य बोलणार, कितीला घरी. करीच्या दिवशी मामाच्या गावाला जाणं हा पळपुटेपणा ठरत नाही, ती तयारी आहे.

घसरण झाली तर घर म्हणतं, 'गेले सगळे पैसे पाण्यात.' तुम्ही विचारा, आधी किती दिवस टिकला होता, त्या दिवशी काय घडलं, पहिला घोट कुठे घेतला. एका रात्रीच्या घसरणीचं महिन्याभराच्या पिण्यात रूपांतर होतं ते शरमेमुळे. दुसऱ्याच दिवशी तुमच्या दारात येता येईल असं नातं ठेवलं असेल तर ते होत नाही.

गावाचा उत्साहही आवरावा लागतो. महिनाभर दारू सोडलेल्या पोराचा शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार करू नका, व्यसनमुक्त तरुण म्हणून त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. ज्याचा सत्कार झाला, त्याला पाय घसरल्यावर परत यायला जागा उरत नाही. त्याला पाहिजे असतं काम: कोणाच्या तरी गॅरेजवर, दूध संकलनावर, ठिबकच्या जोडणीवर. त्याला रोज सकाळी वेळेवर बोलावणारा मालक शोधून देणं हेही समुपदेशनच.

शाळेत आणि गावात

शाळेत बोलावतात तेव्हा कर्करोगाची भयंकर चित्रं दाखवण्याचा मोह होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतिबंधविषयक मानकांनी, नुसती भीती घालणं आणि माजी व्यसनींच्या कहाण्या सांगणं यांचा उपयोग होत नाही, असंच नोंदवलं आहे. मुलांकडून सराव करून घेतलेला जास्त टिकतो. दोन पोरं उभी करा. एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने मैत्री न तोडता नकार द्यायचा. सगळा वर्ग हसतो, आणि शिकतो.

कायदाही सांगा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालच्या कोणालाही तंबाखू विकता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. परवान्याचं दुकान हटवायचं असेल तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं 'आडव्या बाटली'ला पडली की दुकान बंद होतं. हा हक्क बायांना समजावून सांगा, पण मोर्च्याच्या पुढे तुम्ही स्वतः उभे राहू नका. आज दुकान बंद करणारा आणि उद्या पोलिसांना नावं देणारा माणूस अशी ओळख झाली की पिणारा तुमच्या खोलीत पाऊल टाकणार नाही.

तुमची स्वतःची तयारी

समाजकार्य किंवा मानसशास्त्रातली पदवी असेल तर अनुदानित केंद्रांत संधी मिळायला सोपं जातं. राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था आणि 'मुक्तांगण'सारखी केंद्रं समुपदेशकांना प्रशिक्षण देतात. स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्यांचा अनुभव मोलाचा असतो, पण तुमची वाट हीच त्याची वाट असेल असं धरू नका, आणि स्वतःची सभा, स्वतःचा आधारगट सोडू नका.

नोंदी ठेवा, कुलपात ठेवा. औषध सुचवू नका. ते डॉक्टरचं काम. उसने पैसे देऊ-घेऊ नका. रात्री किती वाजेपर्यंत फोन घेणार ते पहिल्याच भेटीत सांगा. आणि महिन्यातून एकदा तरी एखाद्या अनुभवी सहकाऱ्याजवळ आपली अवघड प्रकरणं मोकळेपणाने मांडा. हे काम एकट्याने ओढणारे समुपदेशक तीन-चार वर्षांत कोरडे होतात, मग त्यांच्या खोलीत उपदेश उरतो आणि ऐकणं संपतं.

सुरुवातीला खोली, फलक, पत्रिका यांची घाई नको. या आठवड्यात एका वहीत पाच गोष्टी लिहून काढा: जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा बाह्यरुग्ण वार आणि वेळ, जवळच्या 'मैत्री' क्लिनिकमधल्या समुपदेशकाचं नाव, एक पाहून आलेलं आणि खात्री पटलेलं निवासी केंद्र, सोडलेल्या माणसाला काम देईल असा एक मालक, आणि तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही नक्की बसाल अशी जागा. मग त्या दिवशी तिथे बसा, आणि पहिली आई आली की तिला 'मुलाला घेऊन या' म्हणू नका.